साहेबरावाची सरदारकी

चाकणच्या त्या सीट बनवणाऱ्या कंपनीत जाऊन साहेबराव मोटे कोण, असं विचारलंत तर निम्मे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. तेच 'सरदार कुठं भेटेल' म्हणा, गेटवरचा वॉचमनसुद्धा हात लांब करून प्रेस शॉप दाखवेल.

माणूस तसा कुठल्याही कंपनीत असतो तसाच. परांडा तालुक्यातून बावीस वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या ओळखीनं आला, हेल्पर म्हणून लागला, सहा वर्षांनी पर्मनंट झाला. कुरुळीत दीड गुंठ्यावर दोन खोल्या, वर पत्र्याची एक. बायको जयमाला त्याच कंपनीत, शिलाई लाइनवर सीटची कव्हरं शिवायला, कंत्राटावर. मुलगी स्वरूपा आकुर्डीला डिप्लोमा करते. एवढ्या भांडवलावर चाकणात कुणाचं नाव होत नाही. शिफ्ट सुटली की असे साहेबराव हजारांनी बाहेर पडतात, आणि आपला कोणता हे त्यांच्या बायकांनासुद्धा हेल्मेटवरून ओळखावं लागतं.

नाव दिलं ते नाटकानं. कंपनी दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरते आणि दर सहा-सात वर्षांनी एक जुनं शोकांत नाटक पुन्हा बसवते. खरं नाव लांबलचक आहे, कंपनीत सगळे त्याला 'सरदाराचं नाटक' म्हणतात. गोष्ट अशी. सरदार मोहिमेवरून परततो. कान भरणारं कुणीतरी असतंच, ते सांगतं की तुमची बायको रोज रात्री मागच्या दारानं भाकरी घेऊन कुणाकडे तरी जाते. सरदाराच्या डोक्यात संशय शिरतो. तो तिला तीनदा विचारतो, कुठं जात होतीस. ती सांगत नाही, कारण तिनं शपथ घेतलेली असते. सरदार तिच्या हातात विषाचा पेला देतो, ती पिते. ती मेल्यावर कळतं की भाकरी जात होती ती सरदाराच्याच धाकट्या भावाला, बंडखोर म्हणून घराबाहेर काढलेल्याला. मग सरदार तिचं डोकं मांडीवर घेऊन रडतो आणि पडदा पडतो.

तेरा वर्षांपूर्वी साहेबरावानं पहिल्यांदा सरदार केला आणि रौप्यपदक आणलं. सहा वर्षांनी पुन्हा केला, पुन्हा आणलं. आवाज पहाडी, मिशी घरचीच, आणि संशयानं पेटलेला सरदार जो काही तो उभा करायचा, तो बघून मॅनेजरांच्या बायका खुर्चीत आक्रसायच्या. तेव्हापासून तो सरदार झाला. कँटीनमध्ये त्याला रांगेत पुढे घ्यायचे. युनियनच्या सभेत दोन शब्द बोलायला लावायचे. गावाकडं लग्नात पाहुणे ओळख करून द्यायचे, 'हे आमचे, कंपनीत सरदार असतात.' कुणाला वाटायचं हुद्दाच असेल. साहेबराव तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे.

यंदा नाटकाची पाळी पुन्हा आली. साहेबरावानं दोन महिने आधीपासून मिशी वाढवायला घेतली.

आणि दिग्दर्शनाला आली ऋता. एचआरमध्ये नवी लागलेली, वय अठ्ठावीस, कॉलेजात नाटकं केलेली. पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "शिलाई लाइनवर दीडशे बायका आहेत. आपल्या नाटकात बाई एकच, ती पण विष पिऊन मरणारी. यंदा आपण उलटं करू. मोहिमेवर जाणार ती बाई. घरी राहणार तो नवरा. संशय घेणार ती, पेला पिणार तो. संवाद तेच, एक शब्द बदलायचा नाही, फक्त 'ती'चं 'तो' करायचं."

ट्रेनिंग हॉलमध्ये हशा पिकला. साहेबरावही हसला. त्याला वाटलं, पोरगी आहे, दोन दिवसांत उतरेल खूळ. सरदारकीचं काम करणारी बाई आणणार कुठून?

तीन बायकांनी वाचून दाखवलं. एकीला हसू आवरेना, दुसरी वर्गात कविता म्हणावी तसं म्हणाली, तिसरी क्वालिटीतली दिव्या बरी होती पण तिला कान भरणारीचंच काम हवं होतं. ऋतानं हॉलमध्ये नजर फिरवली. शेवटच्या बाकावर जयमाला बसली होती. ती सहा वर्षं तिथंच बसायची, कारण तालीम संपल्यावर नवऱ्याच्या गाडीवर बसून घरी जायचं असायचं.

"तुम्ही बघता का वाचून?" ऋतानं विचारलं.

"वाचायला कशाला," जयमाला म्हणाली, "मला येतंय की."

येणारच. तेरा वर्षं साहेबरावाचं पाठांतर तिनंच घेतलं होतं. ती पोळ्या लाटायची, वही ओट्यावर टेकवलेली, तो मागं फेऱ्या मारत सरदाराचं बोलायचा, ती सरदारणीचं सपाट आवाजात म्हणायची आणि तो अडला की पुढचा शब्द द्यायची. सरदाराचं अख्खं काम तिच्या डोक्यात बसलं होतं, हे तिला माहीत होतं. साहेबरावाला मात्र माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, ती वही बघून सांगते.

ती पुढे आली. पदर कमरेला खोचला. 'कुठं जात होतास?' हा प्रवेश तिनं घेतला. साहेबराव तो प्रश्न तीनदा विचारायचा तो चढत्या आवाजात, तिसऱ्याला तर हॉलच्या काचा हलायच्या. ही उलटी उतरली. पहिल्यांदा मोठ्यानं, दुसऱ्यांदा हळू, आणि तिसऱ्यांदा इतकं खाली की मागच्या बाकावरची माणसं पुढं झुकली. विचारताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. नाही म्हण, एकदा नाही म्हण, एवढंच होतं.

मग निरंजन, क्वालिटीतला इंजिनिअर, जो स्क्रिप्ट धरून प्रॉम्प्टिंग करणार होता, तो नकळत टाळ्या वाजवायला लागला आणि सगळ्यांनी वाजवल्या. साहेबरावानंही वाजवल्या. वाजवाव्या लागतात. पण पोटात असं काही दुखलं त्याच्या, की त्यानं मनात म्हटलं, दुपारची उसळ बाधली.

उसळ बिचारी निर्दोष होती.

"आणि नवरा तुम्हीच करा, साहेबराव," ऋता म्हणाली. "घरीसुद्धा तालीम होईल."

नाही म्हणायची सोयच नव्हती. नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, बायकोवर जळतो. म्हणून तो हो म्हणाला आणि त्या दिवसापासून जळायला लागला.

दुसऱ्या दिवशी प्रेस शॉपमध्ये पोरांनी सुरुवात केली. "काय राव, यंदा भाकऱ्या थापणार म्हणे." "मिशी ठेवणार का काढणार, भाऊ?" तो हसण्यावारी नेत राहिला. पण चहाच्या वेळेला कँटीनच्या रांगेत जयमाला उभी होती, तिला कुणीतरी हाक मारली, "सरदार, या की पुढं." ती लाजून हसली आणि पुढं गेली. साहेबराव तिच्यामागं आठवा होता. तो आठवाच राहिला. त्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही.

घरी तर पुसूच नका. पूर्वी हा फेऱ्या मारायचा आणि ती पोळ्या लाटायची. आता पोळ्या लाटता लाटता तीच बोलायची आणि हा बसून ऐकायचा. त्याला दहा चुका काढाव्याशा वाटायच्या आणि तो काढायचाही.

"तिथं आवाज चढव. सरदार हाय तू, भाजीवाली न्हाई."

"ऋताबाई म्हणाल्या, हळूच असू द्या."

"ऋताबाईनं किती पदकं आणलीत?"

जयमाला पोळी उलटायची. "बरं, चढवते," म्हणायची. आणि तालमीत जाऊन हळूच बोलायची. बरं, तीही काही साधीभोळी नव्हती. वाद घालून वेळ घालवायचा नाही, काम आपल्या मनासारखं करायचं, हे ती शिलाई लाइनवर सुपरवायझरांशी वागून शिकली होती. आणि या कामात तिला जे मिळत होतं, ते तिला आजवर कुठंच मिळालं नव्हतं. दिवसाला दोनशे कव्हरं शिवणाऱ्या बाईला कुणी म्हणत नाही, वा, काय शिवलंस. इथं पन्नास माणसं गप्प होऊन ऐकायची.

साहेबरावाचं स्वतःचं काम मात्र बसेना. नवऱ्याचा मुख्य प्रवेश म्हणजे वाट बघण्याचा. संवाद नाही. दिवा लावायचा, दाराशी जायचं, परत यायचं, भाकरी झाकून ठेवायची, पुन्हा दाराशी. चार मिनिटं. तो करायचा तेव्हा छाती पुढं, पाय फाकलेले, मिशीवर एक हात.

"साहेबराव, तुम्ही वाट बघत नाही आहात," ऋता म्हणाली. "तुम्ही पहारा देताय."

हॉल हसला. जयमालाही हसली. तिनं पटकन पदर तोंडाला लावला, पण त्यानं पाहिलं. बायको वाट बघताना कशी दिसते, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. पण ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. तो आला की वाट बघणं संपलेलं असायचं.

त्या शनिवारी तो शिलाई लाइनच्या सुपरवायझरकडे गेला. सुजित त्याचा जुना दोस्त, एकेकाळी दोघं एकाच खोलीत राहिलेले. दुसऱ्या शिफ्टला माणसं कमी पडतात म्हणून तो नेहमी रडायचा.

"एक काम होतं, भावा," साहेबराव म्हणाला. "जयमालाला महिना-दीड महिना दुसऱ्या शिफ्टला टाक."

"नाटकाचं काय?"

"आईचं दुखणं निघालंय. सकाळचं दवाखान्यात न्यावं लागतं. तिलाच दुसरी शिफ्ट पाहिजे, पण ती तोंडानं बोलणार न्हाई. नाटकवाल्यांचा हिरमोड होईल म्हणती. तू आपलं लाइनची अडचण म्हणून लाव. माझं नाव नको."

सुजितला काय, आंधळा मागतो एक डोळा असं झालं. त्यानं लगेच चार्टवर नाव फिरवलं. साहेबरावाची आई परांड्याला होती, धडधाकट, दोन म्हशींचं शेण काढत होती. तिच्या नावानं खोटं बोलताना त्याच्या मनात एकदा चर्र झालं. पण तालीम साडेचार ते सात आणि दुसरी शिफ्ट साडेतीनला लागते, हा हिशेब इतका चोख बसत होता की त्यापुढं बाकी काही सुचलं नाही. पर्मनंट माणूस शिफ्टबद्दल भांडू शकतो. कंत्राटावरच्या बाईनं तोंड उघडलं, तर पुढच्या महिन्यात गेटपासच निघत नाही. जयमाला गप्प बसेल, नाटक सोडेल, नाटक पुन्हा पहिल्यासारखं होईल. एवढंच त्याला हवं होतं. तिचं वाईट व्हावं असं काही त्याच्या मनात नव्हतं, असं तो स्वतःला बजावत होता.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर ती म्हणाली, "माझी शिफ्ट बदलली. उद्यापासून दुसरी."

"आत्ता?" साहेबराव म्हणाला. "तालमी चालू असताना? सुजितला अक्कल हाय का न्हाई? मी बोलू का त्याच्याशी?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. "नको," म्हणाली. "लाइनची अडचण हाय म्हणे."

आपण हे काम झकास वठवलं, असं त्याला वाटलं. दोन पदकांच्या वेळीही एवढं सहज जमलं नव्हतं.

मंगळवारी तालमीला तो मिशी नीट विंचरून गेला. आता ऋता तोंड पाडून बसली असेल, आपण म्हणू, घाबरू नका, मी आहे. ऋता अजिबात तोंड पाडून बसलेली नव्हती. "जयमालाताईंशी बोलले मी," ती म्हणाली. "निरंजन रोज साडेसातला कँटीनमध्ये जाईल. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तालीम घेईल. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून करू. इथं त्यांच्या जागी दिव्या उभी राहील."

झालं. साहेबराव मुकाट नवऱ्याच्या जागेवर जाऊन उभा राहिला.

मग सुरू झाली दुसरी तऱ्हा. जयमाला दुपारी तीनला कंपनीच्या बसनं जायची आणि बारा वाजून गेल्यावर यायची. साहेबराव सकाळी सहाला बाहेर पडायचा. दोघांची गाठ पडायची ती मध्यरात्री, एक पेंगुळलेला आणि एक दमलेली. रात्रीचं जेवण आता तोच करायचा. स्वरूपा अभ्यासाला वर जायची आणि हा खाली बसून राहायचा. भाकरी झाकायचा. बसचा आवाज आला असं वाटून दार उघडायचा. कुणाची तरी दुसरीच बस असायची. मग पुन्हा येऊन बसायचा, आणि बसल्या बसल्या डोक्यात चक्र फिरायचं.

प्रेस शॉपमध्ये ज्योतीराम नावाचा एक आगाऊ गडी होता. तो एकदा डबा खाताना म्हणाला, "सरदार, म्हणजे माजी सरदार, रागावू नका. पण ते निरंजनसाहेब रोज सेकंडच्या कँटीनला वहिनींसमोर बसलेले असतात. लोक बोलतात."

साहेबरावाच्या अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता. झालं ते वेगळंच. त्याला आतून एकदम हलकं वाटलं. असं काही असेल, तर मग सगळं सोपं होतं. नवऱ्याला राग यायला हक्काचं कारण मिळत होतं, आणि त्या रागाची कुणाला लाज वाटत नाही. त्या रागाचं काम त्यानं दोनदा केलंही होतं, पदकासकट.

त्याच दिवशी तालीम संपल्यावर तो घरी गेला नाही. साडेसातला कँटीनच्या मागच्या बाजूनं, जिथं ताटं धुवायला टाकतात तिथून आत शिरला आणि खांबाआड उभा राहिला. नाटकातल्या सरदारानं बुरुजाआड उभं राहावं तसाच. फरक इतकाच की इथं खरकट्याचा वास होता.

निरंजन दिसला. टेबलावर स्क्रिप्ट पसरून बसला होता, पण त्याचं लक्ष स्क्रिप्टमध्ये नव्हतं. जयमाला उभी होती, निळा एप्रन, डोक्याला टोपी, हातात पाण्याचा स्टीलचा ग्लास. शेवटचा प्रवेश चालला होता. समोरची खुर्ची रिकामी होती. त्या रिकाम्या खुर्चीला ती पेला देत होती. तिच्याभोवती शिलाई लाइनच्या तीस-चाळीस बायका ताटं तशीच धरून उभ्या होत्या. वाढणारा पोऱ्या पळी हातात घेऊन थांबला होता. तिनं खाली बसून कुणाचं तरी डोकं मांडीवर घेतलं. डोकं नव्हतंच, पण दिसत होतं. "बोलला का नाहीस?" तिनं विचारलं. "एकदा तरी बोलायचंस." तिच्या बोलण्यात रडं नव्हतं, ते मागं कुठंतरी अडवून धरलं होतं. मग एकदम ते सुटलं. लातूरची एक पोरगी ताट ठेवून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

साहेबराव खांबाआड जळून गेला. दोघांत काही नव्हतं. निरंजन बिचारा डोळे पुसत होता. यापेक्षा दोघं हातात हात घालून बसलेले दिसते तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखर, मनापासून वाटलं. परक्या माणसाला हाणता येतं. बायकोला आपल्यापेक्षा जास्त येतं, याला कुठं हाणणार? तेरा वर्षं आपण ओरडत होतो, असं त्याला त्या खरकट्याच्या वासात कळलं. ती पोळ्या लाटता लाटता ते ऐकत होती आणि तेव्हापासून तिला माहीत होतं की इथं ओरडायचं नसतं.

तो आला तसाच मागच्या दारानं निघून गेला. घरी जाऊन भाकरी केल्या, झाकल्या, दाराशी गेला, परत आला. त्या रात्री किती वेळा गेला त्यानं मोजलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या तालमीत वाट बघण्याचा प्रवेश झाल्यावर ऋता खुर्चीतून उठली. "साहेबराव, हे कुठून आणलंत?" ती म्हणाली. "अगदी असंच ठेवा." साहेबरावानं मान खाली घातली. छाती पुढं नव्हती, मिशीला हात नव्हता. कुठून आणलं, ते तो कुणाला सांगणार? बायको रोज दूर जाते आणि आपण दाराशी उभे, एवढंच त्यानं केलं होतं. तिला तिथं पाठवलं कुणी, हे त्या प्रवेशात कुठं दिसत नव्हतं.

प्रयोग चिंचवडला होता. कंपनीनं दोन बस सोडल्या होत्या. विंगेत नटराजाची पूजा झाली. नारळ दरवेळी सरदाराचं काम करणारा फोडतो, ही रीत. साहेबराव सवयीनं पुढं झाला, आणि मग नारळ त्यानं जयमालेच्या हातात दिला. तिनं एकाच घावात फोडला. भगवा फेटा, तलवार, अंगरखा. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही.

कारण त्याच्या मनात एक होतं. नवऱ्यानं पेला पिताना काही बोलायचं नसतं. पण शंभर लोकांसमोर, परीक्षकांसमोर, तिनं तिसऱ्यांदा विचारलं की आपण बोलायचं. चार वाक्यं, आपल्या आवाजात, पहाडी. विष पिणाऱ्याला शेवटी बोलू नको कोण म्हणणार? सगळं नाट्यगृह आपल्याकडं वळेल. नंतर काय व्हायचं ते होऊ दे. ती वाक्यं त्यानं घरात एकट्यानं घोकली होती.

दिवे मंदावले. वाट बघण्याच्या प्रवेशाला पिनड्रॉप शांतता. मग ती आली. पेला हातात.

"कुठं जात होतास?"

तो गप्प.

"कुठं जात होतास?"

तो गप्प.

तिसऱ्यांदा तिनं लगेच विचारलं नाही. दोन पावलं जवळ आली. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर होता. ती त्याच्याकडे बघत होती, आणि बघणारी सरदार नव्हती. सोमवारी संध्याकाळी शिफ्ट बदलली म्हणून सांगताना जरा जास्त वेळ बघणारी जयमाला होती. साहेबरावाच्या घशात ती चार वाक्यं तयार होती. ती तिथंच राहिली.

"काय केलंस?" ती म्हणाली, अगदी हळू.

हे वाक्य नाटकात नव्हतं. विंगेत निरंजननं पान उलटलं, पुन्हा मागं उलटलं. प्रेक्षकांना काही कळलं नाही, त्यांना ते तिसरंच विचारणं वाटलं. साहेबरावानं पेला घेतला आणि पिऊन टाकला. आत साधं पाणी होतं.

तो पडला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे मिटून, श्वास रोखून, मेल्यासारखं पडून तो ऐकत होता. ती त्याला म्हणत होती की तू निर्मळ होतास, तुझ्या मनात पाप नव्हतं, मीच आंधळी. अख्खं नाट्यगृह ते ऐकत होतं आणि मान्य करत होतं. खोटं आहे हे उठून सांगायची सोय नव्हती, कारण तो मेला होता. मग तिचं ते अडवलेलं रडं सुटलं. तिची आसवं त्याच्या कपाळावर पडली, कानात गेली. एवढं रडताना त्यानं तिला तिचा बाप गेला तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. पडदा पडला तरी बाहेर टाळ्या चालूच होत्या.

मेकअपच्या खोलीत दोघंच होते. बाकीचे सेट आवरत होते. जयमाला आरशासमोर बसून खोबरेल तेलानं रंग पुसत होती. साहेबराव दाराशी उभा होता, अंगात अजून नवऱ्याचा अंगरखा.

"सुजितभाऊंना मी त्याच सोमवारी विचारलं होतं," ती आरशात बघत म्हणाली. "म्हणाले, वहिनी, सासूबाईंना बरं वाटतंय का आता?"

साहेबराव अंगरख्याचा बंद ओढत राहिला.

"सहा आठवडे झाले," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?" तो म्हणाला. आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"बोलले असते तर तुम्ही नाटक सोडून बसला असता. मग नाटकच पडलं असतं. मला ते करायचं होतं." तिनं कापसाचा बोळा टाकला, दुसरा घेतला. "म्हटलं, आधी नाटक होऊ द्यावं."

तिनं ओरडावं, असं त्याला वाटत होतं. ओरडली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. शेवटी त्यानं विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय त्याच्यानं राहवेना, "मग एवढी रडलीस ते? ते खरं होतं का काम होतं?"

जयमालानं बोटावरचं तेल पुसलं.

"खरं होतं," ती म्हणाली. "रोज मी दमून यायचे आणि तुम्ही जागे असायचे. भाकरी झाकलेली असायची. ते बघून वाटायचं, हे असेच असते तर. त्या वाट बघणाऱ्याला घेतलं होतं मी मांडीवर. तसला माणूस गेल्यावर रडू येणारच की."

बाहेरून बसचा हॉर्न वाजला. शिलाई लाइनच्या पोरी "सरदार, सरदार" करत हाका मारत होत्या. तिनं तोंड पुसलं, साडी नीट केली, पिशवी खांद्याला लावली. त्याच्याजवळून जाताना थांबली, त्याच्या अंगरख्याचा बंद सुटत नव्हता तो सोडून दिला, आणि पोरींच्या बसकडं निघून गेली.